साहेब मौतीला येतात

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आमदारांच्या कार्यालयातल्या गमतीजमती लिहा हो, वाचकांना फार आवडतात." मी हो म्हटलं. गमती होत्याच, आणि त्या मी चारचौघांत रंगवून सांगत आलोय. पण लिहायला बसलो तर त्याच गोष्टींनी तोंड कडू व्हायला लागलं. आता कबूल केलंय तर लिहितो. हसू आलं तर हसा, मला येत नाही.

मी एका आमदारांचा पीए होतो. कोणते आमदार, कोणता पक्ष, हे विचारू नका. सरकार बदललं तरी आमच्या जिन्यावरची गर्दी बदलायची नाही, त्यामुळे पक्षाला तसा अर्थ नाही. संभाजीनगरात जालना रोडवर पहिल्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर भली मोठी पाटी: 'जनसंपर्क कार्यालय'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसली गत. कारण तिथलं माझं मुख्य काम जनांचा आणि साहेबांचा संपर्क होऊ न देणं हे होतं. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्यांची कारकुनी. वडील म्हणायचे, कारकुनानं कागद पुढं सरकवायचा असतो. मी माणसं मागं सरकवली.

बाहेरच्यांना वाटतं, पीए म्हणजे डायरी धरून मागं फिरणारा माणूस. तसं नसतं. हा एक कसब लागणारा धंदा आहे आणि मी त्यात चांगला होतो. 'साहेब नाहीत' असं कधी म्हणायचं नाही, माणूस चिडतो. 'साहेब आत्ताच निघाले' म्हणायचं. मग त्याला वाटतं, चूक आपलीच, वाटेत पानाच्या टपरीवर थांबायला नको होतं. साहेब खरोखर आत असले तर गाडी मागच्या गल्लीत लावायची. तिकडं उतरायला अरुंद लोखंडी जिना होता, त्याचा आवाज होऊ नये म्हणून पायऱ्यांवर आम्ही जुनं पायपुसणं अंथरलं होतं. आलेल्या माणसाला लगेच चहा द्यायचा. चहा प्यालेला माणूस मोठ्यानं बोलत नाही, हा आमच्या धंद्यातला सिद्धांत. त्याच्या निवेदनावर ठसठशीत शिक्का मारायचा आणि शिक्का मारलेली प्रत त्याच्या हातात द्यायची. ती प्रत घेऊन माणूस असा जिना उतरतो, जणू काम झालंच.

जनता दरबार भरायचा, नाही असं नाही. पण पुढच्या खुर्च्यांवर आमचेच कार्यकर्ते असायचे आणि कोण काय विचारणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असायचं. एकदा ठरलेला माणूस घाबरून दुसऱ्याचाच प्रश्न बोलून बसला, आणि साहेबांनी पाठ केलेलं पहिलं उत्तर त्याला देऊन टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. ही गंमत मी फार वेळा सांगितली आहे.

साहेब वाईट होते असं नाही. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा चहाच्या टपरीवर बसायचे, कुणाच्याही मोटारसायकलवर मागं बसून जायचे. मग हळूहळू माणूस दिसला की त्यांचा चेहरा उतरायला लागला. एकदा गाडीत मला म्हणाले, "समोर आला की मला नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हटलं की करता येत नाही. मग समोर येऊच नये तो." हे त्यांनी इतक्या खरेपणानं सांगितलं की मला त्यांची कीव आली. जिन्यावरच्या लोकांची यायला हवी होती, पण पगार मला साहेबांकडून मिळत होता.

शहागंजातले एक कापडवाले चाचा होते. गुडघे दुखायचे, तरी कठडा धरून वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "सलाम, साब हैं क्या?"

"अभी अभी निकले, चाचा. काम क्या था?"

"साबकोच बोलूंगा मियाँ. आपके कू नक्को."

काम सांगत नाही म्हणजे काहीतरी जमिनीचं लचांड असणार, असं आम्ही धरून चाललो. चाचा दिसले की साहेब मागच्या जिन्यानं पसार. असं कितीतरी महिने चाललं. शेवटी चाचांनाच कुणीतरी मागच्या जिन्याचं सांगितलं आणि एक दिवस ते खाली गल्लीत उभेच. साहेबांना घाम फुटला. चाचांनी पिशवीतून नानखटाईचा डबा काढला. "पोते का दाखला अटक गया था, आप एक फोन करे और मिल गया. मुँह मीठा कराने कू कित्ते दिनां से आरा मैं. हर बार डब्बा ताजा लेके आना पडरा." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आम्ही वर जाऊन ती नानखटाई खाल्ली आणि पोट धरून हसलो. आभार मानायला आलेल्या माणसालासुद्धा आम्ही दारावरून परतवत होतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

साहेब हमखास भेटायचे ते एकाच ठिकाणी, मौतीला. हा आमच्या राजकारणाचा नेम आहे. लग्नाला गेलं नाही तर एक माणूस रुसतो, मौतीला गेलं नाही तर सगळी भावकी रुसते आणि पुढच्या मतदानापर्यंत लक्षात ठेवते. म्हणून गावोगाव आमचे कार्यकर्ते, कुणी गेलं की आधी मला फोन. मी साहेबांचा बाकीचा कार्यक्रम मोडून तिथं वेळ घालायचो. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, हात जोडायचे, "फार वाईट झालं, माझे जुने संबंध होते" म्हणायचं, आमचा फोटोग्राफर फोटो घ्यायचा, निघायचं. जिवंतपणी ज्याला कधी आत सोडलं नाही, अशा कितीतरी माणसांच्या घरी मी साहेबांना नेलं आहे.

पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडं एक वस्ती आहे. तिथले कडुबा. पूर्वी तिकडच्याच एका कंपनीत हेल्पर होते, आता घरीच. डोक्याला मळकट टापरा, खांद्यावर लाल पंचा. त्यांचं म्हणणं एवढंच की वस्तीतल्या पोरींची शाळा रोडच्या पलीकडं आहे, दुभाजक जिथं फोडलाय तिथून पोरी पळत ओलांडतात, आणि कंपन्यांच्या गाड्या तिथंच वेग धरतात. तिथं गतिरोधक करा आणि शाळेच्या वेळेला एक माणूस उभा करा. तोवर ते स्वतःच पंचा हलवत तिथं उभे राहायचे. ते आले की मी चहा द्यायचो, शिक्का मारायचो.

"पीयेसाहेब, मला काय नगं. माझी नात हाय त्यात, पण निस्ती नात नाय, लई पोरी हायती. साहेबांनी येकदा येऊन उभं ऱ्हावं तिथं. दिसंल त्यांना."

"आत्ताच निघाले हो साहेब. जरा आधी आला असता तर!"

"व्हय का? मंग उद्या लौकर येतो."

आणि ते खरंच दुसऱ्या दिवशी लवकर यायचे.

मग एके सकाळी त्यांच्या पुतण्याचा, संतोषचा, फोन आला. हा आमचाच बूथचा कार्यकर्ता. म्हणाला, "कडुबाकाका गेले. काल माती झाली." मला क्षणभर वाईट वाटलं, मग लगेच हिशेब सुरू झाला: भावकी मोठी, निवडणूक तोंडावर. त्याच दुपारी मी साहेबांना घेऊन वस्तीवर.

ओट्यावर सतरंजी टाकलेली. भावकीतले पुरुष माना खाली घालून बसलेले. कडुबांची बायको, गयाबाई, दाराशी पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. साहेबांनी हात जोडले. "फार वाईट झालं. माझे जुने संबंध होते. शेवटचं भेटायलासुद्धा मिळालं नाही."

तेवढ्यात आतून पाण्याचा तांब्या घेऊन कडुबा बाहेर आले.

"मंग भेटा की आता. घ्या, पाणी घ्या."

फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला. गयाबाईनं पदर मागं सारला, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. "म्या यांना आधीच म्हणलं व्हतं," ती म्हणाली, "तुमचं काय ते ढोंग करा, पर म्या कुंकू पुसणार नाय. पदर वढून बसते, तेवढंच."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "ही काय थट्टा आहे?"

कडुबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. आवाजात चढ नाही, टोमणा नाही. "थट्टा नाय साहेब. जित्याला भेट मिळंना. लोकं म्हणले, साहेब मौतीला येतात. मंग म्हणलं, मरून बघावं. राग मानू नका. धाच मिंटं चला रोडवर."

आणि त्यांनी साहेबांचा हात धरला. एवढ्या भावकीसमोर साहेबांना तो सोडवताही येईना. दुभाजकाच्या फटीशी आम्ही सगळे जाऊन उभे राहिलो. शाळा सुटली. पोरी दप्तरं छातीशी धरून निम्म्यात येऊन थांबल्या, एक ट्रेलर भोंगा वाजवत त्यांच्या वेण्या उडवत गेला. साहेब दोन पावलं मागं सरले. मग माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही?"

सांगितलं होतं. एकदा, दुसऱ्याच विषयाच्या अध्येमध्ये. माझ्या वतीनं कडुबाच बोलले: "त्यांना नका बोलू साहेब. माणूस चांगला हाय. दर वक्ताला च्या पाजलाय त्यांनी मला."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला त्या चहाची तिथं रस्त्याच्या कडेला लाज वाटली. आजही चहाचा कप पुढं आला की अधूनमधून वाटते.

साहेबांनी तिथूनच रस्त्याच्या इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. "मला इथं काम दिसलं पाहिजे," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाईनं आग्रहानं चहा केला, साहेब दोन कप प्याले, टपरीवर बसायचे तेव्हाचे साहेब मला थोडा वेळ दिसले. परतताना गाडीत ते बराच वेळ हसत होते. "काय माणूस आहे! मरून दाखवलं पठ्ठ्यानं."

ते हसू टिकलं नाही. कुणीतरी त्या प्रसंगाचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. गावभर फिरलं. विरोधकांनी सभेत हात जोडून "माझे जुने संबंध होते" म्हणून दाखवलं, लोक लोटपोट झाले. साहेबांच्या मनाला ते फार लागलं. दरम्यान इंजिनिअरचा फोन आला. मोठ्या रस्त्यावर तसे गतिरोधक टाकता येत नाहीत, पण वेग कमी करणारे जाड पट्टे आणि दिवा करता येईल, साहेबांचं एक पत्र द्या, म्हणाला. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "त्या वस्तीचं नाव काढू नका माझ्यासमोर. थोडं थंड होऊ द्या."

मी थंड होऊ दिलं. साहेबांची कोरी लेटरहेडं माझ्याच टेबलात असायची. न वाचता सह्या करायची साहेबांना सवय होती. इतर शेकडो पत्रांत एक सरकवलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. माझी लबाडी मी आयुष्यभर लोकांविरुद्ध वापरली, त्यांच्यासाठी एकदाही नाही.

उलट नवा नियम निघाला. मौतीची बातमी आली की आधी मी त्या घरी फोन करून खात्री करायची. खरंच गेलेत का, केव्हा गेले, माती झाली का. त्यानंतरच साहेब निघणार. जिवंत माणसांसाठी दार उघडायचं सोडून आम्ही मेलेल्यांनाही दारावर थांबवलं. दौलताबादच्या एका सीताफळवाल्याच्या घरी मी असाच फोन केला होता. त्यांचा मुलगा म्हणाला, "खोटं वाटतंय का तुम्हाला? या, राख दाखवतो." मी माफी मागून फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं, खात्री झाली.

त्यानंतर एक दिवस पुन्हा संतोषचा फोन. "गयाकाकू गेली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "संतोष, परत तेच का रे?"

फोन बंद झाला. नियम होता म्हणून मी कडुबांना फोन लावला. घंटी वाजत असताना मनातल्या मनात म्हणत होतो, आता हे फोन उचलतील आणि हसतील.

"कडुबादादा, मी बोलतोय. पीए. ते… काकूंचं… खरं आहे का?"

"व्हय. खरंच हाय."

पुढचं त्यांनीच सांगितलं, मला सांगायची काही गरज नसताना. "मला ताप व्हता. ती म्हणली, तुमी पडून ऱ्हावा, पोरींना म्या आणते. माझा पंचा घेऊन गेली. पोरी समद्या अल्याड आल्या, तिचंच यायचं ऱ्हायलं. ट्रक आला." मग म्हणाले, "तुमी विचारलं ते बराबर हाय, पीयेसाहेब. म्याच खोटं बोललो व्हतो मागं. देवानं ऐकलं आसंल."

"नाही हो दादा, असं नका म्हणू," मी म्हणालो. एवढंच. मी लिहिलं नाही ते पत्र, हे म्हणालो नाही.

"येक करा. साहेब येणार आसतील तर शाळा सुटायच्या टायमाला नगं. गाड्या लागत्यात तुमच्या, ट्रकवाल्याला पोरी दिसायच्या नाय."

मी साहेबांना बातमी सांगितली. ते खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी विचारलं, "त्या पट्ट्यांचं काय झालं होतं?" मी म्हणालो, "थंड होऊ द्या म्हणाला होतात." शाळेच्या वेळेचं मी सांगितलं. दुपारीच जाऊन येऊ असं ठरलं. पण वाटेत एका दुकानाचं उद्घाटन होतं, तिथं सत्कार लांबला, मी दोनदा घड्याळ दाखवलं, तिसऱ्यांदा दाखवलं नाही. आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांची गाडी, मागं कार्यकर्त्यांच्या गाड्या, सगळ्या रोडच्या कडेला ओळीनं लागल्या, नेमक्या त्या फटीपाशी. मी पाहिलं. ड्रायव्हरला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब ओट्याकडं निघाले आणि मी त्यांच्या मागं गेलो, कारण माझी जागा त्यांच्या मागं होती.

तीच सतरंजी. कडुबा भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. त्यांची नात शेजारी, आजोबांच्या सदऱ्याचं टोक धरून. साहेब समोर बसले, हात जोडले. "फार वाईट…" म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना बोलता येईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं, एवढं मी त्यांच्यासाठी सांगेन. "कडुबा, मी तुमच्याशी बोलायला आलोय. तुम्ही सांगा. मी ऐकतो. कितीही वेळ."

एवढ्या वर्षांत साहेबांनी कुणाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

कडुबा त्यांच्याकडं बघत नव्हते. मान वाकडी करून ते रोडकडं, आमच्या गाड्यांच्या ओळीकडं बघत होते. पलीकडून पोरींचा गलका ऐकू आला. त्यांनी नातीचा हात सदऱ्यावरून सोडवला, भिंतीला हात टेकून उठले, दोरीवरचा टॉवेल ओढला.

"बसा साहेब," ते म्हणाले. "पोरी सुटल्या."

आणि गेले. त्यांच्या मागं संतोष गेला. मग भावकीतले पुरुष एकेक करून उठले आणि रोडकडं पळाले. गाड्यांच्या पलीकडून ओरडल्याचा आवाज आला, "थांबव रे! थांबव!" एका ट्रकचे ब्रेक करकचले. सतरंजीवर साहेब एकटेच उरले. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला होता. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आता?"

मी रोडवर जायला हवं होतं. निदान गाड्या तरी काढायला लावायला हव्या होत्या. मी खाली वाकलो आणि साहेबांना पायात घालायला सोपं जावं म्हणून त्यांच्या चपला फिरवून ठेवल्या.